चिमणीतला प्रोब उलटा चालवला तर

बॉयलरच्या चिमणीला माणसाच्या उंचीवर एक भोक पाडलेलं असतं आणि त्यात हातभर लांबीची एक नळी, म्हणजे प्रोब, घुसवलेली असते. बाहेरून दिसतो तो गंजलेला फ्लँज, चार बोल्ट आणि उष्णतेने काळवंडलेली केबल. आत, नळीच्या टोकाला, बोटाच्या पेराएवढा पांढरा सिरॅमिकचा तुकडा असतो, एका बाजूने बंद. हा झिर्कोनिया, म्हणजे झिर्कोनियम धातूचा ऑक्साइड. धुरात ऑक्सिजन किती उरला आहे ते हा तुकडा सांगतो. गोव्यात कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत इन्स्ट्रुमेंटेशनची कामं करण्यात माझं आयुष्य गेलं आणि त्यातला बराच वेळ या तुकड्याची उठाठेव करण्यात गेला. म्हणून मध्यंतरी भाच्याने एक व्हिडिओ पाठवून विचारलं, ‘‘मामा, हवेतला सीओटू आणि वाफ घेऊन डिझेल बनवतात म्हणे. थापाच ना?’’ तेव्हा मी त्याला सांगितलं की थापा नाहीत, त्या यंत्राचं काळीज माझ्या टूलबॅगमध्ये पडून आहे.

हे जरा फुशारकीचं वाटेल, पण शब्दशः खरं आहे. झिर्कोनियात आठेक टक्के यट्रिया (यट्रियम धातूचा ऑक्साइड) मिसळून भाजला की त्याच्या स्फटिकात जागोजागी ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा राहतात. झिर्कोनियमच्या जागी यट्रियम बसला की विद्युतभाराचा हिशोब जुळत नाही, तो जुळवायला दोन यट्रियममागे एक ऑक्सिजन कमी पडतो. थंड असताना याचा काही उपयोग नाही, तो नुसता चिनी मातीसारखा तुकडा. सातशे-आठशे अंशांवर तापवला की ऑक्सिजनचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, एका रिकाम्या जागेतून दुसरीत सरकायला लागतात. इलेक्ट्रॉनना मात्र आतून वाट नाही, त्यांना बाहेरच्या तारेनेच जावं लागतं. सगळी करामत एवढ्यातच आहे.

प्रोबमध्ये नळीच्या आत साधी हवा असते, बाहेर धूर. हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के, धुरात तीन ते सहा. जिथे जास्त आहे तिथून आयन जिथे कमी आहे तिकडे जाऊ बघतात आणि दोन बाजूंच्या प्लॅटिनमच्या लेपांमध्ये व्होल्टेज तयार होतं. सातशे अंशांवर धुरात दोन टक्के ऑक्सिजन असेल तर साधारण ४९ मिलिव्होल्ट. दोन्हीकडे हवाच असेल तर शून्य. कॅलिब्रेशनला गेलो की मी आधी हवा देऊन शून्य बघायचो, मग सिलिंडरमधला ठरावीक गॅस सोडून स्पॅन, म्हणजे मोजपट्टीचं दुसरं टोक. आकडा जुळला की बॉयलर अटेंडंट हवेचा डँपर थोडा आवळायचा, धुरातून वाया जाणारी उष्णता कमी व्हायची, आणि महिनाअखेरीला ब्रिकेटचं, म्हणजे जळणाच्या विटांचं, बिल बघून मॅनेजरचा चेहरा थोडा सैल व्हायचा.

आता हेच उलटं करा. व्होल्टेज मोजण्याऐवजी बाहेरून द्या. मग आयन आपल्या मर्जीने न जाता तुम्ही ढकलाल तिकडे जातात. एका बाजूला वाफ सोडली तर विजेच्या जोरावर तिच्यातला ऑक्सिजन ओढून पलीकडे नेता येतो आणि अलीकडे हायड्रोजन उरतो. वाफेऐवजी कार्बन डायऑक्साइड सोडला तर कार्बन मोनॉक्साइड उरतो. दोन्ही एकत्र सोडले तर दोन्ही मिळतात. झिर्कोनियाला फक्त ऑक्सिजनशी देणंघेणं, तो कुणाच्या घरचा याची तो चौकशी करत नाही. आणि हायड्रोजन अधिक कार्बन मोनॉक्साइड म्हणजे सिनगॅस. हा एकदा हातात आला की पुढचं रसायन शंभर वर्षांचं जुनं आहे. १९२५च्या सुमारास जर्मनीत फ्रान्झ फिशर आणि हान्स ट्रॉप्श यांनी कोळशापासून काढलेल्या सिनगॅसचं द्रवरूप इंधन करून दाखवलं. दक्षिण आफ्रिकेत सासोल कंपनी १९५५पासून त्याच वाटेने पेट्रोल-डिझेल काढते आहे. तिथे सिनगॅस कोळशाचा. इथे तो धुराचा आणि वाफेचा, एवढाच फरक. पण त्या ‘एवढाच’मध्ये बरंच काही दडलं आहे.

हा पदार्थही काही कालपरवाचा नाही. वॉल्टर नर्न्स्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७मध्ये झिर्कोनिया-यट्रियाच्या काडीचा दिवा केला होता. मुळातच ऑक्साइड असल्यामुळे काडी हवेत जळून जात नसे, म्हणून काचेच्या निर्वात फुग्याचीही गरज नव्हती. गंमत म्हणजे तो दिवा नुसतं बटण दाबून लागत नसे, काडी आधी तापवावी लागे आणि मगच तिच्यातून वीज वाहू लागे. ही वीज नेमकी कशी वाहते, ऑक्सिजनच्या रिकाम्या जागांचा हा खेळ काय आहे, याचा उलगडा कार्ल वॅग्नरने केला, तोही १९४३मध्ये. आज चारचाकीच्या एक्झॉस्टमध्ये जो ऑक्सिजन सेन्सर असतो तोही बहुतेक वेळा याच कुळातला.

अँपियर-तास ठरलेले, व्होल्ट आपल्या हातात

भाच्याचा पुढचा प्रश्न रास्त होता. पाण्याचं विघटन तर शाळेत टॉर्चच्या सेलवर करून दाखवतात, मग आठशे अंश कशाला?

याचं उत्तर मी त्याला बिलाच्या भाषेत दिलं. एक किलो हायड्रोजन काढायला सुमारे २६,६०० अँपियर-तास लागतात. फॅरेडेच्या नियमाने ठरलेला आकडा आहे तो, त्यात घासाघीस नाही. हाताशी उरतं ते फक्त व्होल्टेज. पाण्याचा नेहमीचा इलेक्ट्रोलायझर, म्हणजे वीज लावून पाणी फोडणारं यंत्र, व्यवहारात एका सेलला १.८ ते २ व्होल्ट घेतो. गुणाकार करा, किलोला पन्नास युनिटांच्या आसपास वीज. आठशे अंशांवर वाफ घेऊन चालणारा सेल १.३ व्होल्टवर सुखाने चालतो, म्हणजे साधारण पस्तीस युनिट. पूरक यंत्रणा धरून चाळीसच्या घरात.

मधले दहा-पंधरा युनिट फुकट मिळाले असं कुणी समजू नये. पाणी फोडायला जेवढी ऊर्जा लागते तेवढी लागतेच, पण ती सगळी विजेच्या रूपातच द्यावी असं नाही. एक तर पाण्याची वाफ करण्यातच भरपूर ऊर्जा जाते. एक किलो हायड्रोजनला नऊ किलो पाणी, आणि त्याची वाफ करायला सहा-साडेसहा युनिटांएवढी उष्णता. ही जर कारखान्यात वाया जाणाऱ्या वाफेतून मिळाली तर वीज वाचली. दुसरं असं की तापमान जितकं जास्त, तितका विजेचा वाटा कमी आणि उष्णतेचा वाटा जास्त. आठशे अंशांवर हा हिशोब साधारण तीन हिस्से वीज, एक हिस्सा उष्णता असा पडतो.

यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे हा चौथा हिस्सा बाहेरून आणावाच लागतो असं नाही. वीज वाहताना सेलच्या अंगच्या रेझिस्टन्समुळे उष्णता निर्माण होते. एरवी ती आपण नुकसानीत धरतो, इथे मात्र रसायनक्रिया ती जागच्या जागी पिऊन टाकते. वाफेसाठी १.२९ व्होल्टच्या आसपास असा एक बिंदू येतो की जेवढी उष्णता तयार होते तेवढीच खर्च होते, सेल ना तापतो ना थंड होतो. त्याच्या खाली चालवला तर सेल गारठत जातो, वर चालवला तर तापत जातो. कार्बन डायऑक्साइडला हा बिंदू १.४६च्या जवळ आहे, म्हणून दोघे एकत्र असले की मधला कुठला तरी आकडा धरतात. रेझिस्टन्सच्या नावाने आयुष्यभर बोटं मोडलेल्या माझ्यासारख्याला हे वाचून गंमत वाटली.

कार्बन डायऑक्साइडची गोष्ट थोडी निराळी आहे. सेलची इंधनाकडची बाजू निकेल आणि झिर्कोनियाच्या मिश्रणाची असते. वाफ त्यावर लवकर फुटते, कार्बन डायऑक्साइड आळशी. पण निकेल दुसरंही काम करतो. तयार झालेल्या हायड्रोजनची आणि कार्बन डायऑक्साइडची गाठ घालून देतो, त्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि पुन्हा वाफ. ती वाफ परत फुटायला मोकळी. म्हणजे बरंचसं मोनॉक्साइड असं आडवाटेनेही येतं. आत सोडताना वाफ किती आणि सीओटू किती यावर बाहेर हायड्रोजन-मोनॉक्साइडचं प्रमाण ठरतं, आणि फिशर-ट्रॉप्शच्या त्या क्रियेला हवं असतं दोनास एक. व्हॉल्व्हची चाकी फिरवून मिळणारी रेसिपी म्हणायला हरकत नाही.

हे कुणी करून दाखवलं

एक नमुना थेट मंगळावर आहे. नासाचं पर्सिव्हरन्स यान फेब्रुवारी २०२१मध्ये तिथे उतरलं. त्याच्या पोटात मॉक्सी नावाची सुमारे १७ किलोची पेटी होती. मंगळाची हवा म्हणजे बहुतेक कार्बन डायऑक्साइडच. ती दाबून, आठशे अंशांपर्यंत तापवून झिर्कोनियाच्या सेलमधून सोडायची आणि ऑक्सिजन वेगळा काढायचा. एप्रिल २०२१मध्ये पहिल्या खेपेला पाच ग्रॅमहून थोडा जास्त ऑक्सिजन निघाला. २०२३मध्ये प्रयोग संपेपर्यंत सोळा खेपांत मिळून १२२ ग्रॅम. आकडा बघून हसू येतं, पण माझ्या डोक्यात पहिल्यांदा आलं ते निराळंच. तापवायचं, थंड करायचं, पुन्हा तापवायचं, असं सोळा वेळा, आणि सिरॅमिक तडकलं नाही. ज्याने झिर्कोनियाचा प्रोब हाताळला आहे त्यालाच याची किंमत कळेल.

मी पाहिलेला एक प्रसंग सांगतो. एका कारखान्यात शटडाउन लांबला होता, वरून घाई चाललेली. ठेक्यावरच्या एका नव्या पोराने प्रोब साफ करून चालू बॉयलरच्या गरम डक्टमध्ये एका दमात सरकवला. असा प्रोब इंच-इंच आत न्यायचा असतो, मध्ये थांबायचं असतं. आतून टिक् असा आवाज आला, अगदी बारीक. रीडिंग एकवीस टक्क्यांवर जाऊन बसलं ते बसलंच. बाहेर काढून पाहिलं तर पांढऱ्या टोपीवर केसाएवढी चीर. हवा आतून बाहेर गळत होती आणि प्रोब इमानदारीने तीच मोजत होता. त्या दुपारी जेवढ्याचं नुकसान झालं तेवढा त्या पोराचा पगारही नव्हता. त्याला कुणी कसं घालायचं ते शिकवलंच नव्हतं, पण ओरडा मात्र त्यालाच.

तर ही चीर एका प्रोबची. इलेक्ट्रोलायझरमध्ये असे पातळ सेल थप्पीने रचलेले असतात, प्रत्येकाच्या कडेला काचेचं सील, मध्ये स्टीलच्या पट्ट्या. प्रोबची भिंत मिलिमीटरच्या हिशोबातली, सेलमधला झिर्कोनियाचा थर मात्र कित्येकदा दहा मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे केसाहूनही बारीक. पातळ असल्याशिवाय भरपूर करंट जात नाही. म्हणून माझा प्रोब मोजायला चांगला, उत्पादनाला कुचकामी.

पृथ्वीवरचं ठळक उदाहरण जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरातलं. सनफायर कंपनीने २०१४च्या नोव्हेंबरमध्ये तिथे एक संच उभा केला. गरम इलेक्ट्रोलिसिस, मग फिशर-ट्रॉप्श, दिवसाला सुमारे १६० लिटर इंधन. एप्रिल २०१५मध्ये जर्मनीच्या तेव्हाच्या संशोधनमंत्री योहाना वांका यांनी त्यातलं पहिलं डिझेल आपल्या सरकारी ऑडी गाडीत घातलं आणि फोटो जगभर गेले. फोटोत न दिसणारी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. फिशर-ट्रॉप्शची क्रिया चांगलीच उष्णता सोडते, दोनशे-सव्वादोनशे अंशांवर. तिच्यावर पाणी उकळवून होणारी वाफ ते परत इलेक्ट्रोलायझरला पाजतात. एकाची झळ ती दुसऱ्याची गरज. ही जोडी जमली म्हणूनच गरम पद्धतीला पाणी फोडायच्या नेहमीच्या थंड पद्धतीपेक्षा इथे वरचढ ठरायची संधी आहे. नुसता हायड्रोजन विकायचा असेल तर वाफ आणायची कुठून हा प्रश्न उरतोच.

धूर तसाच का नाही घालत

भाच्याची कल्पना अशी होती की बॉयलरच्या धुरात सीओटू आहे, वाफही आहे, मग तोच पाइप इकडे जोडायचा. पोरगा हुशार आहे, पण त्याने चिमणीखाली उभं राहून काम केलेलं नाही. ब्रिकेटवरच्या बॉयलरच्या धुरात सत्तर टक्क्यांच्या आसपास नायट्रोजन असतो, त्याला उगाच आठशे अंशांपर्यंत तापवत बसायचं. शिवाय पाच-सहा टक्के ऑक्सिजन, ज्याची आम्ही रोज मोजदाद करतो. हा ऑक्सिजन निकेलचं परत ऑक्साइड करतो, निकेल फुगतो, आणि त्याला चिकटलेला सिरॅमिकचा थर फाटतो. वर गंधक. गंधकाने निकेल असा मरतो की अब्जात काही भाग एवढं प्रमाणही सेलला बाधतं.

पाण्याबद्दलही तेच. बॉयलरवाल्यांना सिलिका नावाचा शत्रू ठाऊक आहे. पाण्यातली सिलिका जास्त दाबाला वाफेबरोबर निघते आणि टर्बाइनच्या पात्यांवर बसते. डेन्मार्कच्या रिसो प्रयोगशाळेत सेल उघडून पाहिले तेव्हा इलेक्ट्रोडवर सिलिकाच सापडली, तीही बाहेरच्या पाण्यातून आलेली नव्हे, सेलच्या स्वतःच्या काचेच्या सीलमधून वाफेने उचललेली. घरचाच भेदी. याशिवाय स्टीलमधला क्रोमियम उडून ऑक्सिजनच्या बाजूला बसतो, निकेल हळूहळू झिर्कोनियापासून दूर सरकतो, आणि तापमान सातशेच्या खाली घसरलं तर मोनॉक्साइडमधून काजळी पडून निकेलची छिद्रं बुजतात. म्हणून हे सेल वर्षानुवर्षं टिकवणं हेच खरं काम आहे. वर्षाचे तास ८,७६०, आणि हजार तासांमागे एक टक्का जरी कामगिरी घसरली तरी पाच वर्षांत काय उरतं ते तुम्हीच काढा.

तेव्हा सीओटू हवा तो स्वच्छ आणि घट्ट. गोव्यात असा कुठे आहे याचा विचार करताना मला पहिली आठवली ती काजूच्या फेणीची भट्टी. सत्तरीत ओळखीच्या एकाची आहे. मार्च-एप्रिलमध्ये बोंडांचा रस ड्रममध्ये आंबत असतो, वर फेसाचा जाड थर, कान लावला तर सतत चुरचुर. भट्टीवाल्याने काडी पेटवून ड्रमच्या तोंडाशी धरली, आतल्या पोकळीत शिरताच ती विझली. तो सगळा जवळजवळ शुद्ध सीओटू. रसातली साखर आंबते तेव्हा जेवढ्या वजनाचा अल्कोहोल, जवळपास तेवढ्याच वजनाचा वायू. हिशोब मांडला तर एक लिटर फेणीमागे साधारण तीनशे-साडेतीनशे ग्रॅम. एक लिटर डिझेल जळल्यावर २.७ किलो सीओटू निघतो, म्हणजे ते बनवायलाही निदान तेवढा हवा. आठेक लिटर फेणीमागे एक लिटर डिझेल. २००९मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेल्या आमच्या फेणीचा असाही उपयोग होईल, पण हंगाम दोन-तीन महिन्यांचा आणि भट्ट्या डोंगरभर विखुरलेल्या. हा हिशोब ऐकून भट्टीवाला म्हणाला, ‘‘भाऊ, डिझेल करा खुशाल, फक्त आठ लिटर मला सोडा.’’

त्यापेक्षा साळगावचा कचरा प्रकल्प मला जास्त बरा उमेदवार वाटतो. तिथे ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस बनतो. कुठल्याही बायोगॅसमध्ये साधारण साठ टक्के मिथेन, उरलेला बहुतेक सीओटू. बारमाही, एका जागी, पाइपात. डेन्मार्कमध्ये फौलुम इथे नेमकं हेच करून पाहिलं आहे. बायोगॅसमधल्या सीओटूला गरम इलेक्ट्रोलायझरच्या हायड्रोजनची जोड देऊन त्याचंही मिथेन केलं, आणि त्या क्रियेची उष्णता परत वाफेसाठी वापरली. गंधक तिथेही काढावा लागतो, पण बायोगॅसवर इंजिन चालवायचं तर तो एरवीही काढावाच लागतो.

वीज कुठली

इथे येऊन माझा सूर बदलतो.

कार्बन डायऑक्साइड म्हणजे जळून गेलेला कार्बन. त्याच्या अंगात ऊर्जा शिल्लक नाही, पाण्याच्याही नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? इंधनातली सगळी ऊर्जा विजेतूनच येते, वर प्रत्येक पायरीवर तूट. लिटरभर डिझेलमध्ये दहा युनिटांच्या आसपास ऊर्जा. अख्खी साखळी चांगली जमली तरी निम्मी ऊर्जा हाती लागते असं धरा, म्हणजे लिटरला वीस युनिट. आता गोव्याची वीज बघा. आपल्याकडे स्वतःची निर्मिती नावापुरती, बहुतेक वीज बाहेरून येते, कोरबा-विंध्याचलसारख्या कोळशाच्या केंद्रांतून. देशाच्या ग्रिडवर युनिटमागे सरासरी सातशे ग्रॅमच्या आसपास सीओटू सुटतो. वीस युनिटांना चौदा किलो. चिमणीतून २.७ किलो पकडण्यासाठी दुसऱ्या कुणाच्या तरी चिमणीतून चौदा किलो सोडायचा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच. आणि ती वीज आणायला मोलेच्या जंगलातून छत्तीसगडमधल्या तमनारची विजेची लाइन ओढण्यावरून २०२०मध्ये केवढं रान पेटलं होतं ते इथे कुणाला सांगायला नको.

म्हणजे सौर किंवा वाऱ्याची वीज हवी. ती असली तरी गाडीत घालायला हे इंधन बनवणं मला पटत नाही. वीस युनिट थेट बॅटरीच्या गाडीत भरले तर ती सव्वाशे किलोमीटर सहज जाते. त्याच विजेचं लिटरभर डिझेल केलं तर गाडी वीस किलोमीटरवर थांबते. पणजी-मडगाव फेऱ्या मारणाऱ्यांनी या भानगडीत पडू नये. जिथे बॅटरी चालत नाही तिथेच याचा विचार करावा. मुरगावला लागणारी मोठी जहाजं, दाबोळी आणि मोपावर उतरणारी विमानं. युरोपीय संघाने तिथल्या विमानतळांवरच्या इंधनात २०३०पासून १.२ टक्के अशा विजेपासून बनवलेल्या इंधनाची सक्ती केली आहे, २०५०पर्यंत ३५ टक्के. म्हणजे हिवाळ्यात युरोपातून पाहुणे घेऊन येणाऱ्या चार्टर विमानांच्या टाकीत उद्या हे थेंब असतील, आपण इकडे काही करो न करो.

सूर्याच्या विजेचा आणखी एक तिढा आहे आणि तो गरम सेललाच जास्त जाचतो. थंड इलेक्ट्रोलायझर संध्याकाळी बंद केला, सकाळी चालू केला, विशेष बिघडत नाही. आठशे अंशांवरचा संच रोज थंड करणं म्हणजे रोज ती टिक् ऐकायची तयारी ठेवणं. रात्रभर तो नुसता उबेत धरावा लागतो, त्यालाही वीज. आणि जून ते सप्टेंबर आपल्याकडे सूर्य रजेवर. मंगळावर निदान पाऊस तरी नाही.

आपल्या देशात या वाटेवर काहीच नाही असंही नाही. विंध्याचलच्याच एनटीपीसी केंद्रात धुरातला दिवसाला २० टन सीओटू पकडणारा संच २०२२मध्ये सुरू झाला आणि पुढे त्याला जोडून दिवसाला १० टन मेथनॉलचा. तिथला हायड्रोजन थंड पद्धतीचा आहे. ज्या केंद्रात वाफेचा अक्षरशः सुकाळ आहे तिथे एखादा गरम संच लावून बघावा असं माझ्यासारख्याला वाटणारच, पण वाफ फुकट नसते हे त्या केंद्रातला माणूस मला सुनावेल आणि ते बरोबर असेल. टर्बाइनमधून काढलेली प्रत्येक टन वाफ म्हणजे तेवढी वीज कमी.

भाच्याचं प्रोजेक्ट

एवढं ऐकून शहाणा माणूस स्पर्धा परीक्षेचा फॉर्म भरेल. आमच्या भाच्याने शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट म्हणून हाच विषय घेतला. डिझेल वगैरे नाही, फक्त सीओटूचं मोनॉक्साइड होतं का ते दाखवायचं. बायकोचं म्हणणं, ‘‘अहो, त्याला काहीतरी सरळ सांगा ना, पंप-बिंप.’’ पण पोराने मनावर घेतलं आहे, आणि खरं सांगायचं तर मलाही ते पाहायचं आहे.

सेल मी देणार आहे. भंगारात निघालेल्या एका प्रोबची झिर्कोनियाची नळी, हीटर गेलेला पण सिरॅमिक शाबूत, दोन्हीकडचा प्लॅटिनमचा लेपही बऱ्यापैकी. कॉलेजच्या ट्यूब फर्नेसमध्ये ती साडेसातशे अंशांवर ठेवायची. सोडावाल्याकडून सीओटूचा सिलिंडर. नळीच्या बाहेरून सीओटू, आत हवा, आणि बेंच पॉवर सप्लायने दीड व्होल्ट, ऋण टोक सीओटूच्या बाजूला. प्लॅटिनमवर आणि एवढ्या जाड भिंतीतून करंट फार मिळणार नाही, पाच-दहा मिलिअँपियर मिळाले तरी पुष्कळ. दहा मिलिअँपियरला तासाला चार मिलिलिटर मोनॉक्साइड. सीओटूचा प्रवाह तासाला तीन लिटर ठेवला तर हे प्रमाण हजार पीपीएमच्या (दहा लाखात हजार भागांच्या) वर जातं, म्हणजे साध्या मीटरलाही दिसायला हवं. करंट दुप्पट केला की आकडा दुप्पट झाला तर फॅरेडे खूश, परीक्षकही खूश. करंट बंद केल्यावर आकडा शून्याकडे आला पाहिजे. तो आला नाही तर मोनॉक्साइड दुसरीकडून येतंय, बहुधा फर्नेसमधल्या कुठल्या तरी पॅकिंगमधून.

माझ्या तीन अटी त्याने वहीत लिहून घेतल्या आहेत. एक्झॉस्टची नळी खिडकीबाहेर काढल्याशिवाय सिलिंडर उघडायचा नाही, कारण या वायूला ना रंग ना वास, नाकावर विसंबून चालत नाही. मोनॉक्साइडचा अलार्म टेबलावर चालू पाहिजे, खिशात नाही. आणि फर्नेस तासाला शंभर अंशांपेक्षा जास्त वेगाने चढवायची नाही, उतरवायचीही नाही. तिसऱ्या अटीवर त्याचा चेहरा पडला, कारण म्हणजे चढायला सात-साडेसात तास आणि कॉलेजची लॅब पाचला बंद होते. गाइड सरांनी शनिवारी लॅब उशिरापर्यंत उघडी ठेवायचं कबूल केलं आहे. आता फक्त तो अलार्म मागवायचा राहिला आहे. स्वस्तातला नको, कॅलिब्रेशनचं सर्टिफिकेट असलेला मागव, असं मी त्याला दोनदा बजावलं आहे.